पट्टी लाल का होत नाही? वर्गातल्या प्रयोगांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्राथमिक वर्गात विज्ञान आणि परिसराचे उपक्रम मुलांच्या हातून कसे करून घ्यावेत, याबद्दल नाशिक शहरातून आणि तालुक्यांमधून आलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत. 'कोणता प्रयोग घेऊ?' असं विचारणारे थोडे आहेत. 'घेतला, पण झाला नाही' असं सांगणारे जास्त आहेत. त्यामुळे बिघडलेल्या प्रयोगांना या वेळी जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : चौथीत ५२ मुलं, ३५ मिनिटांची तासिका, प्रयोगशाळा नाही. हळदीच्या पट्ट्यांचा प्रयोग घेतला. साबणाच्या पाण्याने पट्टी लाल व्हायला हवी, पण निम्म्या गटांची पिवळीच राहिली. मुलं म्हणाली, "बाई, आमचं चुकलं." नेमकं काय चुकलं? आणि एवढ्या मुलांना एका तासात स्वतः करायला कसं द्यायचं? (शिक्षिका, दिंडोरी तालुका)

मुलांचं काही चुकलेलं नाही. त्या गटांना कोणता साबण दिला होता ते आठवून पाहा. कपड्यांची किंवा अंगाची साबणवडी आम्लारीधर्मी असते, तिच्या पाण्याने हळद लालसर तपकिरी होते. बाटलीतला हँडवॉश, शाम्पू आणि भांड्यांची बरीचशी लिक्विडं मात्र उदासीन किंवा किंचित आम्लधर्मी बनवतात, म्हणजे त्वचेला त्रास होत नाही. त्यात पट्टी पिवळीच राहणार. खायच्या सोड्याचंही तसंच. त्याचं द्रावण इतकं सौम्य असतं की हळद जेमतेम नारिंगी होते आणि मग 'बदलला' आणि 'नाही बदलला' असे दोन तट पडतात. ठळक लाल रंग हवा असेल तर धुण्याचा सोडा वापरा. एक कप पाण्यात पाव चमचा पुरे, आणि तो तुम्हीच कालवून द्या.

पानाचा चुना मात्र मुलांच्या हातात अजिबात देऊ नका. रंग सुरेख येतो हे खरं, पण चुन्याचा कण डोळ्यात गेला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

पट्ट्या आदल्या दिवशी करून ठेवा. दोन चमचे हळदीत चार चमचे पाणी घालून सरसरीत लेप करा, ए-फोर कागदावर ब्रशने एक पातळ हात द्या आणि सावलीत तासभर वाळू द्या. उन्हात वाळवला की हळदीचा रंग उडतो, म्हणून उरलेल्या पट्ट्याही बंद पाकिटात ठेवा. वाळल्यावर कागद झटका. सुटी भुकटी राहिली तर ती पाण्यात उतरते आणि सगळी झाकणं पिवळी होतात. दोन बाय पाच सेंटिमीटरच्या पट्ट्या कापल्या तर एका कागदात ५० निघतात. ५२ मुलांना प्रत्येकी चार म्हणजे पाच कागद झाले.

चौघांचा एक गट केला तर १३ गट होतील. प्रत्येक गटाला पाण्याच्या बाटलीची चार झाकणं द्या, आत एकेक चमचा द्रव: साधं पाणी, लिंबाचा रस, साबणवडीचं पाणी, धुण्याच्या सोड्याचं पाणी. झाकणांवर फक्त क, ख, ग, घ लिहा, नावं सांगू नका. प्रत्येक मूल चारही पट्ट्या स्वतः बुडवेल आणि वहीत चिकटवेल. झाकणं शाळा भरण्याआधी भरून वर्तमानपत्रावर मांडून ठेवलीत, तर वाटपाला पाच मिनिटं लागतात आणि २० मिनिटं मुलांच्या हाती राहतात. वाटप तासातच करायला घेतलं की तास त्यातच संपतो.

आणखी एक गफलत नेहमी होते. लिंबाच्या रसात पट्टी पिवळीच राहते, पाण्यातही पिवळीच राहते, म्हणून मुलं लिहितात की 'लिंबू पाण्यासारखंच आहे'. त्यांनी पाहिलं त्यावरून ते बरोबरच आहे. हळद आम्लारी ओळखते, आम्ल ओळखू शकत नाही. म्हणून लाल झालेल्या पट्टीवर लिंबाचा थेंब टाकायला सांगा, ती पुन्हा पिवळी होईल. आम्लासाठी वेगळा दर्शक हवा असेल तर लाल जास्वंदीच्या पाच-सहा फुलांच्या पाकळ्या अर्धा कप गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. हे पाणी लिंबाने लालगुलाबी होतं, साबणाच्या पाण्याने हिरवट.

प्रश्न : आमच्या शाळेला एका संस्थेने वर्षभराच्या 'हँड्स-ऑन सायन्स' कार्यक्रमाचा प्रस्ताव दिला आहे. प्रात्यक्षिकात त्यांनी ज्वालामुखी करून दाखवला, मुलं खूश झाली. निवड करताना काय पाहावं? (मुख्याध्यापक, इंदिरानगर)

घड्याळ लावून बसा आणि प्रत्येक मुलाच्या हातात वस्तू किती मिनिटं होती ते मोजा. ४० मिनिटांच्या सत्रात ती २० मिनिटंही नसेल तर तो खेळ आहे, मुलांनी केलेला प्रयोग नाही. एक किट किती मुलांत, एखादा भाग मोडला तर तो नाशिकच्या बाजारात मिळतो का, आणि माणसं निघून गेल्यावर वर्गशिक्षकाला तेच सत्र पुढच्या तुकडीत घेता येईल का, हे लेखी मागा. वर्गशिक्षक सत्रात हजर आणि कामात असावेत ही अटही घाला. त्या वेळात त्यांना पेपर तपासायला बसवलं तर शाळेकडे शेवटी रिकामी खोकीच राहतात.

ज्वालामुखीबद्दल बोलायचं तर, सोडा आणि व्हिनेगरच्या फेसाचा खऱ्या ज्वालामुखीशी काही संबंध नाही. खरा ज्वालामुखी वितळलेल्या खडकाचा असतो आणि आपल्या जिल्ह्यातला काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, त्याच लाव्ह्याचा आहे. ज्या मुलांच्या अंगणात बेसाल्ट आहे त्यांना फेस दाखवून ज्वालामुखी शिकवू नये. पण तेच दोन पदार्थ वापरून चांगला प्रश्न उभा करता येतो. एका बाटलीत १०० मिलिलिटर पांढरं व्हिनेगर घ्या. फुग्यात एक सपाट चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, खायचा सोडा भरा, फुगा बाटलीच्या तोंडावर चढवा आणि मग उचलून सोडा आत पाडा. फुगा साधारण १३-१४ सेंटिमीटर व्यासाचा होतो. आता विचारा, दोन चमचे सोडा घातला तर फुगा दुप्पट होईल का? बहुतेक मुलं 'हो' म्हणतात. फुगा जवळजवळ तेवढाच राहतो आणि तळाशी सोडा शिल्लक दिसतो. बाजारातल्या व्हिनेगरमध्ये आम्ल साधारण ४ टक्के असतं, १०० मिलिलिटरमधलं आम्ल पहिल्या चमच्यातच जवळपास संपलेलं असतं. प्रस्ताव देणाऱ्यांना हा प्रयोग असा, भाकीत विचारून, घेऊन दाखवायला सांगा. ते तो कसा घेतात त्यावरून निर्णय घेणं सोपं जाईल.

प्रश्न : तिसरीच्या वर्गात फुलपाखराचं जीवनचक्र दाखवायला कढीपत्त्यावरच्या अळ्या आणून बरणीत ठेवल्या. दोन मेल्या, एक कोषात गेली पण त्यातून फुलपाखराऐवजी माशीसारखं काहीतरी निघालं. पालकही म्हणतात, मुलांना खाज येईल. हा उपक्रम सोडून द्यावा का? (शिक्षिका, सातपूर)

सोडू नका. तिसरी-चौथीसाठी याच्याइतका भरगच्च उपक्रम दुसरा नाही, फक्त सुरुवात अळीऐवजी अंड्यापासून करा.

आधी पालकांची शंका. खाज आणतात ते केसाळ सुरवंट. लिंबू आणि कढीपत्त्यावर वाढणाऱ्या फुलपाखराची अळी गुळगुळीत असते, तिच्या स्पर्शाने काही होत नाही. तरीही मुलांनी बोटाने उचलायची नाही, कारण चिमटीत तीच चिरडते. पानासकट हलवायची, नाहीतर मऊ ब्रश वापरायचा.

कोषातून 'माशीसारखं' निघालं ती बहुधा परजीवी गांधीलमाशी किंवा परजीवी माशी असावी. या माद्या बाहेर, झाडावरच, अळीवर किंवा अळीच्या अंगात अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं अळीला आतून खातात. तुम्ही मोठ्या अळ्या आणल्या, तेव्हा एकीत ती आधीच असणार. कोवळ्या पानावर फिकट पिवळं, मोहरीहून लहान, गोल अंडं एकेकटं चिकटलेलं सापडतं. पान डहाळीसकट आणलं की हा धोका बराच कमी होतो. आणि एवढं करूनही माशी निघालीच, तर ती मुलांपासून लपवू नका. निसर्गात बहुसंख्य अळ्यांचं असंच काही होतं, आणि मुलं हे आपल्याला वाटतं त्यापेक्षा शांतपणे घेतात.

दोन अळ्या मेल्या त्याची कारणं तीन असू शकतात. पानं बाजारातल्या कढीपत्त्याच्या जुडीतली होती का? त्यावर फवारणी असते आणि धुऊन ती पूर्ण जात नाही. पानं फक्त घरच्या किंवा शाळेच्या झाडाची घ्या. दुसरं, बरणीचं झाकण. झाकणाला दोन-चार भोकं पाडून भागत नाही, आत पाणी साचतं, लेंड्यांना बुरशी येते आणि अळी सडते. पाच लिटरची रुंद तोंडाची बरणी घ्या, तोंडाला मच्छरदाणीचं कापड आणि रबरबँड लावा, तळाला वर्तमानपत्र घाला आणि ते रोज बदला. तिसरं, डहाळी ताजी राहावी म्हणून ठेवलेली पाण्याची बाटली. अळी देठावरून उतरते आणि बुडून मरते. बाटलीच्या तोंडात देठाभोवती कापूस घट्ट बसवा. बरणी उन्हाच्या खिडकीत ठेवू नका.

अंडं तीन-चार दिवसांत फुटतं. सुरुवातीची अळी तपकिरी, अंगावर पांढरा पट्टा, हुबेहूब चिमणीच्या शिटेसारखी दिसते. मुलं "बाई, हे फेकून देऊ?" म्हणतात, आणि पक्ष्यालाही तसंच वाटावं यासाठीच तर ते सोंग आहे. पुढे ती हिरवी होते आणि चार सेंटिमीटरपर्यंत वाढते. डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हे एकदा पाहायला हरकत नाही, पण रोज डिवचू देऊ नका. मधूनमधून ती एखादा दिवस हलत नाही, खात नाही. त्या वेळी ती कात टाकायच्या तयारीत असते. 'मेली' म्हणून तिला टोचणं, हीच बऱ्याच अळ्या दगावण्याची वेळ.

लांबी मोजायला पानाखाली आलेखाचा कागद सरकवा आणि मिलिमीटरच्या चौकटी मोजा. अंड्यातून निघाल्यापासून साधारण दोन आठवड्यांनी ती खाणं थांबवते, पातळ विष्ठा टाकते आणि बरणीभर भटकते. आत एक उभी काडी असू द्या, ती काडीवर रेशमाचा पट्टा कमरेला बांधून कोष करते. कोषाखाली किमान १५ सेंटिमीटर मोकळी जागा हवी. जागा कमी पडली तर पंख चुरगळलेलेच वाळतात आणि ते फुलपाखरू कधी उडत नाही. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत, बहुधा सकाळी, ते बाहेर येतं. थंडीत जास्त दिवस लागतात. बाहेर आल्यावर रंगीत द्रवाचे थेंब पडतात, ते रक्त नाही हे मुलांना आधीच सांगून ठेवा. पंख वाळायला दोन-तीन तास द्या आणि त्याच दिवशी झाडाजवळ सोडा.

सगळं मिळून जवळपास महिना लागतो. कॅलेंडर पाहून मधे दिवाळीची सुट्टी येणार नाही असा महिना निवडा, आणि शनिवार-रविवारी बरणी कोणाच्या घरी जाणार ते पहिल्याच दिवशी ठरवा.

प्रश्न : पेन्सिल सेलवर एलईडी लागतच नाही. दुकानदाराने दिलेले वीसच्या वीस खराब आहेत का? (शिक्षक, नाशिकरोड)

नाहीत. एका पेन्सिल सेलचं व्होल्टेज १.५, आणि लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, पांढऱ्या-निळ्याला ३ च्या आसपास. एका सेलवर तो लागणं शक्यच नाही. दोन सेल एकामागोमाग जोडा, म्हणजे ३ व्होल्ट होतील. लाल एलईडीसोबत १०० ओहमचा रेझिस्टर घाला, नाहीतर जास्त प्रवाह जाऊन तो लवकर मरतो. पांढऱ्याला दोन सेलवर रेझिस्टर नको, त्याने तो फारच मंद होतो. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी थेट लावली तर एलईडी एकदाच चमकून कायमचा जातो, तिथे ४७० ओहम हवाच.

तरीही लागला नाही तर पाय उलटे करून पाहा. लांब पाय धन बाजूला. पाय कापलेले असतील तर एलईडीच्या प्लास्टिकच्या कडेला जिथे सपाट घडण असते त्या बाजूचा ऋण. साधा टॉर्चचा बल्ब मात्र कसाही जोडला तरी चालतो, म्हणून तिसरीला बल्बच द्यावा आणि एलईडी चौथी-पाचवीत आणावा. बल्बला दोन टोकं असतात, तळाचा ठिपका आणि बाजूचं धातूचं कडं. दोन्ही वायर ठिपक्याला लावणारे गट दर वर्गात असतात. त्यांना लगेच दाखवू नका, दहा मिनिटं झगडू द्या.

उरलेले दोष वायरीत सापडतात. तांब्याच्या चकचकीत बारीक तारेवर वार्निशचा थर असतो, तो सँडपेपरने खरवडल्याशिवाय वीज जात नाही. स्विचसाठी रंगीत यू-पिना वापरल्या तर त्यावरचं प्लास्टिक आड येतं, साध्या स्टीलच्या पिना घ्या. आणि सेलची दोन्ही टोकं नुसत्या वायरीने जोडली तर वायर आणि सेल चटका बसेल इतके तापतात, हे आधी सांगा.

नाण्यासारखे बटण सेल वर्गात आणूच नका. ते सोयीचे वाटतात, ३ व्होल्टही देतात, पण मुलाने गिळला तर अन्ननलिकेत दोन तासांत जखम होऊ शकते. असं कधी घडलं तर लक्षणांची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचं.

प्रश्न : सावलीच्या काठीचा प्रयोग केला. बरोबर १२ वाजता सावली सगळ्यात लहान असते असं मुलांना सांगितलं होतं, पण ती साडेबारापर्यंत लहानच होत गेली. घड्याळ तपासलं, बरोबर होतं. (शिक्षक, सिन्नर)

मुलांचं मोजमाप अचूक आहे, 'बरोबर १२' हे आपलं गृहीतक चुकीचं. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेलं आहे, आणि ते प्रयागराजजवळच्या मिर्झापूरवरून जातं. नाशिक ७३.८ अंशांवर आहे. फरक ८.७ अंश, आणि सूर्याला एक अंश सरकायला ४ मिनिटं. म्हणजे आपल्याकडे मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी. ही वेळही वर्षभर हलते: नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१८ च्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्याला १२.४९. पाचवीच्या मुलांना हा गुणाकार सहज करता येतो, आणि आपल्या गावची दुपार आपणच शोधली याचा आनंद वेगळाच असतो.

काठी ५० सेंटिमीटरची घ्या आणि ओळंब्याने, म्हणजे दोऱ्याला दगड बांधून, उभी आहे ना ते तपासा. काठी दोन-तीन अंश कलली तरी मापं बिघडतात. जमीनही सपाट हवी. मैदानापेक्षा गच्ची किंवा शहाबादी फरशी चांगली. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास मध्यान्हीची सावली १८ सेंटिमीटर यायला हवी, २२ डिसेंबरला ४७. एका सेंटिमीटरचा फरक चालेल, चार आला तर काठी पाहा.

मध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी फार हळू बदलते, त्यामुळे 'सगळ्यात लहान' क्षण पकडताना मुलांची भांडणं होतात. याला जुना, शंकूचा (म्हणजे उभ्या काठीचा) उपाय आहे. साडेअकराला सावलीचं टोक जिथे असेल तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काठीभोवती खडूने काढा. दुपारी टोक पुन्हा वर्तुळाला शिवेल, महिन्यानुसार साधारण एक ते सव्वादोनच्या दरम्यान. ती वेळ लिहा. दोन वेळांचा मध्य म्हणजे मध्यान्ह, आणि दोन खुणांना जोडणाऱ्या रेषेचा मध्य काठीच्या बुंध्याला जोडला की खरी उत्तर-दक्षिण रेषा मिळते. ती रंगाने पक्की करून ठेवा, वर्षभर कामाला येईल.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर आभाळ मोकळं मिळालं तर दुपारी नक्की पाहा: सावली दक्षिणेला पडलेली असेल, जेमतेम ३ सेंटिमीटर. नाशिक २० अंश उत्तरेला आहे, कर्कवृत्ताच्या अलीकडे, म्हणून साधारण २० मे ते २४ जुलै सूर्य दुपारी आपल्या उत्तरेला असतो. या दोन तारखांच्या आसपास सावली काठीखालीच जाते. पहिली तारीख सुट्टीत येते, दुसरी बहुधा ढगांत. मुलांनी सूर्याकडे थेट पाहायचं नाही, हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं.

प्रश्न : बाटलीतला वाळू-कोळशाचा गाळप केला, पण पहिलं पाणी आधीपेक्षा काळं आलं. नंतर स्वच्छ आलं तेव्हा एका मुलाने ते प्यायलं. (शिक्षिका, निफाड)

वाळू आणि कोळसा न धुता भरले असणार. वाळू पाच-सहा पाण्यांनी, वरचं पाणी निवळ दिसेपर्यंत धुवा, कोळसा कुटून तसाच धुवा. खालून वर दोन सेंटिमीटर कापूस, तीन कोळसा, आठ वाळू, चार बारीक खडे. पाणी वरून वाटीने हळू सोडा, धार सोडली की वाळूत खड्डा पडतो आणि पाणी न गाळता खाली जातं.

प्यायचं नाही, हे प्रयोगाच्या आधी फळ्यावर लिहा. हा गाळप चिखल अडवतो, जंतू अडवत नाही. मुलाला दोन-तीन दिवसांत जुलाब, उलटी किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे न्या आणि काय प्यायलं ते सांगा.

प्रश्न : मातीचे थर दाखवायला बाटलीत माती-पाणी हलवून ठेवलं. आठवडा झाला, पाणी अजून गढूळ. (शिक्षक, येवला)

माती काळी असेल. काळ्या मातीतले चिकणमातीचे कण इतके बारीक असतात आणि एकमेकांना असे दूर ढकलतात की ते खाली बसायला तयार नसतात. मटारच्या दाण्याएवढी तुरटी चमचाभर पाण्यात विरघळवून घाला आणि एकदा हलवा. कण एकत्र येऊन जड होतात आणि काही तासांत पाणी निवळतं. दोन बाटल्या शेजारी ठेवून एकीतच तुरटी घातली तर फरक मुलं स्वतः सांगतील.

पुढच्या वेळी माती आधी वाळवून ढेकळं फोडा, बाटली एक तृतीयांश भरा, वर पाणी आणि अर्धा चमचा कपड्याची पावडर घालून पाच मिनिटं जोरात हलवा. पावडर न घातली तर चिकणमातीच्या गोळ्या वाळूबरोबर तळाला बसतात आणि काळी माती रेताड असल्याचा खोटा निष्कर्ष निघतो. एका मिनिटाने बाटलीवर पहिली रेघ (वाळू), दोन तासांनी दुसरी (पोयटा), तुरटी घालून दुसऱ्या दिवशी तिसरी. शेजारी त्र्यंबक-इगतपुरीकडची तांबूस माती ठेवता आली तर थर अगदी वेगळे पडतात. नातेवाइकांकडून डबाभर मागवा. गोदावरीची कोरडी वाळू मिळाली तर चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिच्यातून फिरवा. पिशवीला काळे कण चिकटतात, बेसाल्टमधलं लोहाचं खनिज. पिशवी उलटी केली की कण कागदावर पडतात. पिशवीशिवाय फिरवलं तर चुंबक साफ करण्यात तास जातो.

प्रश्न : चौथीच्या ४५ मुलांना नांदूर मधमेश्वरला न्यायचं आहे. मागच्या वर्षी मुलांनी फक्त डबे खाल्ले. (शिक्षक, पंचवटी)

त्याचं कारण बहुधा वेळ आणि तयारी. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरची ही पाणथळ जागा २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरली. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तिथे हजारो पक्षी असतात, पण दहानंतर उन्हाने पाण्यावरची हवा थरथरते आणि दुर्बिणीतून काहीच स्पष्ट दिसत नाही. सकाळी सातला मनोऱ्यावर असायला हवं, म्हणजे नाशिकहून साडेपाचच्या आसपास निघायचं.

जाण्यापूर्वी आठवडाभर साठ नाही, सहाच पक्षी शिकवा. वारकरी: काळा, कपाळावर पांढरा टिळा, नाव एकदा ऐकलं की मुलं विसरत नाहीत. शेकाट्या: लांब लालगुलाबी पाय. जांभळी पाणकोंबडी: लाल चोच. थापट्या: फावड्यासारखी चोच. चमचा: नावातच सगळं. चक्रवाक: नारिंगी-तपकिरी बदक. चोच पाहून तो पक्षी काय खात असेल ते मुलांनी आधी लिहायचं आणि तिथे खरं करून पाहायचं.

पाच-पाच मुलांचे नऊ गट, प्रत्येकाबरोबर एक मोठं माणूस. ८ बाय ४० ची दुर्बीण असेल तर आठ वर्षांच्या मुलासाठी बिजागरी पूर्ण मिटवावी लागते, नाहीतर त्याला दोन वेगळी वर्तुळं दिसतात आणि तो 'दिसतंय' म्हणून मोकळा होतो. पट्टा आधी गळ्यात, मग दुर्बीण हातात. आधी साध्या डोळ्यांनी पक्ष्यावर नजर रोखायची आणि नजर न हलवता दुर्बीण वर आणायची, ही सवय वर्गातच खिडकीतून करून घ्या. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू देऊ नका, पक्षी जागा सोडतात.

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांच्या मधला. तो बऱ्याचदा दिवाळीच्या सुट्टीत जातो, म्हणून सहल डिसेंबर-जानेवारीत काढणं बरं.

प्रश्न : पेल्यावर ठेवलेल्या कांद्याला मुळं फुटत नाहीत, नुसता सडतो. (पालक, लासलगाव)

कांद्याचा फक्त बुडखा पाण्याला टेकू द्या, अर्धा कांदा बुडवला की सडणारच. चार काड्या टोचून तो पेल्याच्या काठावर अडकवा, बुडख्यावरची जुनी वाळकी मुळं नखाने खरवडून काढा आणि पाणी एक दिवसाआड बदला. नुकताच काढलेला उन्हाळ कांदा घेऊ नका, तो काही आठवडे सुप्तावस्थेत असतो आणि कितीही पाणी दिलं तरी उठत नाही. कांदाचाळीत बरेच दिवस राहिलेला, शेंड्याला हिरवं टोक दिसू लागलेला कांदा निवडा.